सातव्या महिन्याचे तीन सण



लेवीय ग्रंथाचा २३ वा अध्याय आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचला असेल. विषम वर्षांत सामान्य काळाच्या १७ व्या आठवड्यातील शुक्रवारी तो मिस्सामध्ये पहिले वाचन म्हणून येतो. म्हणजे ऐन पावसाळ्यात, छत्र्या झटकत सकाळच्या मिस्साला जी पंधरा-वीस माणसे येतात, त्यांच्याच कानी तो पडतो. परमेश्वराने इस्राएल लोकांना नेमून दिलेल्या सणांची यादी या अध्यायात आहे. त्यांपैकी वसंत ऋतूतील वल्हांडण आणि त्यानंतरचा पन्नासावा दिवस हे सण आपल्याला परके नाहीत. ईस्टर आणि पेंटेकॉस्ट या नावांनी ते आपल्या घरचेच झाले आहेत. पण यादीतील शेवटचे तीन सण, जे सातव्या महिन्यात, तिश्री महिन्यात येतात, त्यांचे काय? महिन्याच्या पहिल्या दिवशी कर्णे वाजविण्याचा सण, दहाव्या दिवशी प्रायश्चित्ताचा दिवस आणि पंधराव्या दिवसापासून सात दिवस मंडपांचा सण. आपल्या कॅलेंडरमध्ये त्यांच्या जागी कोणताही लाल आकडा दिसत नाही.

हा विषय घेण्याचे आणखी एक कारण आहे. अलीकडे मोबाईलवर काही प्रवचने फिरतात. त्यात सांगतात की ख्रिस्ती माणसाने हे सण पाळलेच पाहिजेत. काही तर पुढे जाऊन अमुक वर्षीच्या कर्ण्यांच्या सणाला प्रभू येणार, असा हिशोबही मांडतात. काही धर्मग्रामस्थांनी याविषयी आम्हाला विचारले. प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवे. परंतु आधी सण म्हणजे काय ते पाहू, वाद नंतर.

पाऊस संपताना आणि पाऊस सुरू होताना

तिश्री महिना साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. मंडपांचा सण पौर्णिमेला सुरू होतो, बहुधा आपल्या कोजागरीच्या किंवा तिच्या आधीच्या पौर्णिमेला. आपल्याकडे तेव्हा पाऊस निरोप घेत असतो, भात पिवळे पडू लागते. पवित्र भूमीत मात्र नेमके उलटे असते. तिथे उन्हाळाभर थेंब पडत नाही. द्राक्षे, अंजिरे तोडून झालेली असतात, जैतुनाची तोडणी तोंडावर आलेली असते, जमीन तडकलेली असते आणि डोळे आकाशाकडे लागलेले असतात. मराठी बायबलमध्ये ‘आगोटीचा पाऊस’ आणि ‘वळवाचा पाऊस’ असे शब्द येतात (अनुवाद ११:१४). ते वाचून आपल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे जून आणि मे महिना उभा राहतो. पण तिथली आगोट ऑक्टोबरच्या पुढे आणि वळीव मार्च-एप्रिलचा. हे ध्यानात ठेवले तर सणांचा सूर कळतो. घरात पीक भरलेले आहे, पण विहिरीत पाणी नाही. एका हाताने आभार मानायचे आणि दुसरा हात पुढे पसरायचा, असे हे दिवस.

समुद्राचेही तसेच. प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाच्या जलप्रवासाचे वर्णन आहे. तिथे लूक सांगतो की ‘उपवासाचा दिवस’ होऊन गेला होता आणि पुढचा प्रवास धोक्याचा झाला होता (प्रे. कृ. २७:९). हा उपवास म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात लोटतात. भूमध्य समुद्रातले नावाडी या सणानंतर होड्या किनाऱ्याला ओढत. लूकने तारीख सांगण्यासाठी सहज हा सण वापरला, कारण पहिल्या पिढीतील ख्रिस्ती लोकांना तो ठाऊक होता.

आपल्या ख्रिस्तसभेनेही हे सण पूर्णपणे विसरून टाकले होते असे नाही. १९६९ सालच्या नव्या उपासनापंचांगापूर्वी वर्षातून चार वेळा, ऋतू बदलताना, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असे तीन दिवस उपवास व प्रार्थनेचे असत. आपल्यातील वृद्ध मंडळींना ते आठवत असतील. सप्टेंबरातील तीन दिवस पवित्र क्रूसाच्या सणानंतर, म्हणजे १४ सप्टेंबरनंतर येत. त्यांची जुनी वाचने उघडून पाहिली की आश्चर्य वाटते. बुधवारी नहेम्याचा ८ वा अध्याय, म्हणजे सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवसाची हकिकत. शनिवारी लेवीय २३ मधील प्रायश्चित्ताचा दिवस, त्यामागोमाग मंडपांचा सण, आणि पत्र म्हणून इब्रीकरांस पत्राचा ९ वा अध्याय. तीनही सण तीन दिवसांत! वाचने लॅटिनमध्ये असल्याने कोणाला फारसा बोध होत नसे हे खरे. नव्या व्यवस्थेत हे दिवस ठरविण्याचे काम देशोदेशीच्या धर्माध्यक्षांवर सोपविले गेले आणि बहुतेक ठिकाणी ते मागे पडले. याची आम्हाला थोडी खंत वाटते.

कर्णा

पहिला सण थोडक्यात आटोपू, कारण शास्त्रही त्याबद्दल थोडकेच सांगते. कर्णे वाजवून स्मरण करा, काम करू नका, अर्पण करा, एवढेच (लेवीय २३:२४, गणना २९:१). आज यहुदी बांधव हा दिवस नववर्ष म्हणून पाळतात, परंतु बायबलमध्ये त्याला नववर्ष म्हटलेले नाही. त्या दिवशी सभास्थानात मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा फुंकतात. संत थॉमस अक्वायनस यांनी या सणाचा संबंध इसहाकाच्या सुटकेशी जोडला आहे, कारण अब्राहामाला झुडपात अडकलेला जो मेंढा दिसला, तो शिंगांनीच अडकला होता (उत्पत्ती २२:१३). यहुदी परंपराही हेच सांगते.

बाराव्या शतकात मोझेस मायमोनिडीस नावाचे थोर यहुदी तत्त्वज्ञ होऊन गेले. संत थॉमस त्यांचा उल्लेख ‘रब्बी मोझेस’ असा आदराने करतात. मायमोनिडीस म्हणतात की कर्ण्याचा आवाज हा झोपलेल्यांना हाक आहे, जे काळाच्या ओघात सत्य विसरून रिकाम्या गोष्टींमागे धावतात त्यांना. सेमिनरीत आम्हाला ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे शिकवताना हे नाव वारंवार येत असे. त्यांचे कर्ण्याबद्दलचे हे सांगणे मात्र कोणालाही पुराव्याविना पटेल.

नहेम्याच्या ८ व्या अध्यायात या दिवसाचे सुंदर चित्र आहे. बंदिवासातून परतलेले लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले. एज्रा याजकाने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचून दाखविले. लेवी ते समजावून सांगत होते. लोक रडू लागले, कारण आपण किती दूर गेलो होतो ते त्यांना कळले. तेव्हा त्यांना सांगण्यात आले की आज रडायचे नाही. घरी जा, गोडधोड खा आणि ज्याच्या घरी काही शिजलेले नाही त्याच्याकडे ताट पाठवा. ‘क’ वर्षात सामान्य काळाच्या तिसऱ्या रविवारी हे वाचन येते. त्या रविवारी वाचनानंतर कोणी शेजारी ताट पाठविल्याचे अजून आमच्या कानावर आले नाही, पण पाठविले असेल तर ते सांगायचेही नसते.

प्रायश्चित्ताचा दिवस

येथे मात्र थांबायला हवे.

लेवीय ग्रंथाचा १६ वा अध्याय घ्या. वर्षातून एकदाच, याच दिवशी, मुख्य याजक पडद्याआड परमपवित्र स्थानात जात असे. इतर दिवशी त्याचा झगा सोन्याच्या कलाकुसरीचा, पण आज आत जाताना साधा तागाचा अंगरखा. प्रथम तो स्वतःच्या आणि आपल्या घराण्याच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पण करीत असे. लोकांच्या पापांची पाळी त्यानंतर. आम्हा धर्मगुरूंना हा क्रम नीट वाचण्यासारखा आहे. मिस्साच्या आरंभी ‘मी पापी आहे’ असे आम्ही लोकांबरोबर म्हणतो, ते लोकांना शिकविण्यासाठी नव्हे.

मग दोन बकरे आणीत आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकीत. एक परमेश्वरासाठी. त्याचा वध होई आणि रक्त दयासनावर शिंपडले जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर याजक आपले दोन्ही हात ठेवून इस्राएल लोकांची सर्व पापे कबूल करी, आणि तो बकरा दूर रानात सोडून दिला जाई.

आपण ‘बळीचा बकरा’ हा शब्द रोज वापरतो. कार्यालयात चूक झाली की कोणाला तरी बळीचा बकरा करतात. घरात वाटणीवरून भांडण झाले की नव्याने आलेली सून बळीचा बकरा होते. पण लेवीय ग्रंथातला बकरा आणि आपला बकरा यांत मोठा फरक आहे. तिथे लोक बकऱ्यावर हात ठेवून म्हणतात की ही आमची पापे आहेत. आपण बकऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो की पापे त्याची आहेत. एका ठिकाणी कबुली आहे, दुसऱ्या ठिकाणी पळवाट. जिथे कबुली नाही तिथे बकरा कितीही दूर हाकला तरी पाप घरातच राहते.

दोन बकरे का, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आमच्या मते पापाचे दोन भाग असतात. एक म्हणजे देवाशी तुटलेले नाते. दुसरा म्हणजे मनात उरलेले ओझे, जे क्षमा झाल्यावरही पाठ सोडत नाही. कितीतरी माणसे तेच जुने पाप पुनःपुन्हा कन्फेशनमध्ये सांगतात, कारण ते दूर नेले गेले आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही. दुसरा बकरा त्यांच्यासाठी आहे. लोकांच्या डोळ्यांदेखत तो दिसेनासा होत असे.

इब्रीकरांस पत्राचा लेखक हे सारे प्रभू येशूच्या ठायी पाहतो. ख्रिस्त हाच मुख्य याजक, आणि तो दुसऱ्याचे नव्हे तर स्वतःचे रक्त घेऊन, माणसाच्या हातांनी न बांधलेल्या पवित्र स्थानात, एकदाच आणि कायमचा गेला (इब्री ९:११-१२). त्याला स्वतःच्या पापासाठी काही अर्पण करायचे नव्हते. ज्या बळींचे रक्त आत नेले जाई, त्यांची शरीरे छावणीबाहेर जाळीत. प्रभूनेही वेशीबाहेर दुःख सोसले (इब्री १३:११-१२). संत पौल रोमकरांस लिहिताना (३:२५) जो ग्रीक शब्द ख्रिस्तासाठी वापरतो, तोच शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दयासनासाठी आहे. याजक, बळी आणि दयासन, तिन्ही तोच. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि बकऱ्यांचा विधी थांबला. आपल्या दृष्टीने तो तत्पूर्वीच पूर्ण झाला होता.

पण यहुदी लोकांनी मंदिर गेल्यावरही हा दिवस सोडला नाही, आणि ज्या रीतीने तो जपला त्यातून आपल्याला शिकण्यासारखे आहे. त्यासाठी फार दूर जायला नको. आपल्या कोकणात, अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात, शेकडो वर्षे बेने इस्राएल समाज राहिला. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण वाढलो, अशी त्यांची परंपरा. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची भाषा मराठी. १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात त्यांचे पहिले सभास्थान बांधले; आजचे मशीद रेल्वे स्टेशन त्याच सभास्थानावरून नाव घेऊन उभे आहे. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. हिब्रू नावे विसरली गेली होती तेव्हाही या लोकांनी सण मराठी नावांनी जपले होते. कर्ण्यांच्या सणाला ते ‘नवियाचा सण’ म्हणत आणि प्रायश्चित्ताच्या दिवसाला ‘दरफालणीचा सण’, म्हणजे दारे बंद करण्याचा सण. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दार लावून, उपवास करीत घरात राहायचे. दुसऱ्या दिवशी, ‘शिळ्या सणा’ला, गोरगरिबांना दान द्यायचे आणि आप्तेष्टांच्या भेटीला जायचे. दार बंद करणे आणि मग उघडणे, सगळा अर्थ यात आला.

यहुदी शिकवणीत एक कडक नियम आहे. प्रायश्चित्ताचा दिवस देवाविरुद्ध केलेल्या पापांची क्षमा आणतो, पण शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या पापांची आणत नाही, जोवर तुम्ही शेजाऱ्याला शांत केलेले नाही. म्हणून पहिल्या सणापासून दहाव्या दिवसापर्यंतच्या काळात माणसे एकमेकांची क्षमा मागतात. मायमोनिडीस पुढचे सांगतात. क्षमा मिळाली नाही तर तीन मित्रांना बरोबर घेऊन जा. तरीही नाही मिळाली तर दुसऱ्यांदा जा, तिसऱ्यांदा जा. त्यानंतर मात्र सोडून द्या. आता पाप क्षमा न करणाऱ्याकडे. आणि ज्याचा अपराध केला तो मरण पावला असेल तर? तर दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जा आणि त्यांच्यासमोर कबूल करा.

प्रभू येशूनेही वेगळे सांगितले नाही. वेदीजवळ अर्पण आणल्यावर आठवले की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा (मत्तय ५:२३-२४). बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामात अशी घरे आहेत जिथे सख्खे भाऊ एका बांधावरून, दोन गुंठ्यांवरून किंवा बिल्डरकडून आलेल्या पैशांवरून पाच-दहा वर्षे बोलत नाहीत. एकाच मिस्साला येतात, एक डाव्या रांगेत, दुसरा उजव्या. कम्युनियन घेताना त्यांची नजर एकमेकांवर पडू नये म्हणून घेतलेली काळजी वेदीवरून स्पष्ट दिसते. कोर्टातील दावा चालू असेल तर तो चालू राहू द्या. हक्क मागणे पाप नाही. पण बोलणे कोणत्या वकिलाने बंद करायला सांगितले? तीन मित्रांना घेऊन जा. पायरी चढायला लाज वाटत असेल तर धर्मगुरूला घेऊन जा, आम्ही येऊ. आणि ज्यांच्याशी भांडण होते ते आता आपल्या कबरस्तानात विसावले असतील, तर २ नोव्हेंबरला कबरीवर फुले आणि मेणबत्ती ठेवताना घरच्यांसमोर एक वाक्य बोलायला हरकत नाही.

त्या दिवशी दुपारी सभास्थानात योनाचे पुस्तक वाचतात. निनवेला क्षमा मिळाली म्हणून रुसून बसलेला संदेष्टा. ज्याला का वाचतात ते कळले नाही, त्याने ते पुस्तक पुन्हा वाचावे. चारच अध्याय आहेत.

मंडप

प्रायश्चित्तानंतर पाच दिवसांनी आनंदाचा सण. आधी समेट आणि मग मेजवानी, हा क्रम मुद्दाम आहे.

सात दिवस लोकांनी मांडवात राहायचे, कारण मिसर देशातून निघाल्यावर रानात त्यांचे पूर्वज मांडवात राहिले होते (लेवीय २३:४२-४३). छप्पर तोडलेल्या फांद्यांचे आणि पानांचे हवे. पत्रा किंवा कापड चालत नाही. आपल्या वाडीत पिकाची राखण करायला जी खोप घालतात तशीच. कोठारे भरलेली असताना माणसाला घराबाहेर काढणे, यात शहाणपण आहे. मायमोनिडीस याचे कारण देतात की सुखाच्या दिवसांत वाईट दिवसांची आठवण राहावी. संत थॉमस म्हणतात की हा सण या जगातील आपल्या यात्रेचे चिन्ह आहे.

आपल्या वसईत पन्नास वर्षांपूर्वी कौलारू घरे होती, आज चार-सात मजली इमारती आहेत. त्या बांधणारे मजूर मात्र ताडपत्रीच्या झोपडीत, आपल्याच कंपाउंडच्या भिंतीला लागून, मंडपांचा सण वर्षभर पाळतात. शास्त्र या सणाच्या पंगतीत कोण असावे ते नावानिशी सांगते : मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, परका, अनाथ, विधवा (अनुवाद १६:१४). परक्याला यादीतून गाळायची सोय ठेवलेली नाही. मुंबईचे ईस्ट इंडियन बांधव ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ साजरा करतात, भाताची नवी कणसे चर्चमध्ये आणतात. आपल्याकडेही नव्या कणसांना आशीर्वाद देण्याची रीत आहे. शेती विकली म्हणून आभार मानणे थांबू नये, आणि पंगत फक्त नातलगांची होऊ नये.

योहानाच्या शुभवर्तमानाचा ७ वा अध्याय याच सणात घडतो. सणाचे सातही दिवस सकाळी याजक शिलोह तळ्यातून सोन्याच्या पात्रात पाणी आणून वेदीवर ओतीत. ती पावसासाठी मूक विनवणी. रात्री मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात उंच सोनेरी दीपस्तंभ पेटत. त्यांच्या वाती याजकांच्या जुन्या वस्त्रांच्या. जाणकार म्हणत की ज्याने हा आनंद पाहिला नाही त्याने आनंद काय तो पाहिलाच नाही. अशा गर्दीत, सणाच्या शेवटच्या महान दिवशी, प्रभू येशू उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला की तहानेल्यांनी माझ्याकडे यावे (योहान ७:३७-३९). पाठोपाठ ८ व्या अध्यायात तो स्वतःला जगाचा प्रकाश म्हणतो. पाणी आणि दिवे डोळ्यांसमोर ठेवून हे वाचा, म्हणजे ते शब्द किती धाडसाचे होते ते कळेल. पाण्याबद्दलचे हेच वचन पेंटेकॉस्टच्या आदल्या संध्याकाळच्या मिस्सात आपण ऐकतो.

झावळ्या आणि होसान्ना हीसुद्धा मूळची या सणाची. झावळी, गर्द झाडांच्या फांद्या आणि नदीकाठचे वाळुंज हाती घेऊन लोक वेदीभोवती फिरत आणि ‘तारण कर’ अशी आरोळी देत. हिब्रूत ती होसान्ना. प्रभू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी वसंत ऋतूत शरदातला सण केला. आपण प्रत्येक मिस्सात ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हणताना तो शब्द उच्चारतो. आणि वेदीजवळच्या लाल दिव्यामागे जी पेटी आहे तिला टॅबर्नेकल म्हणतो. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ तंबू. मंडपांच्या सणाला लॅटिन बायबलमध्ये हेच नाव आहे. शब्द देही झाला आणि त्याने आपल्यामध्ये वस्ती केली, असे योहान सांगतो (१:१४), तिथल्या ग्रीक क्रियापदातही तंबूच आहे.

मग आपण हे सण पाळावेत काय?

पाळण्याचे बंधन नाही. संत पौल कलस्सैकरांस स्पष्ट लिहितो की सण, अमावास्या आणि शब्बाथ यांवरून कोणी तुम्हाला दोषी ठरवू नये. त्या येणाऱ्या गोष्टींच्या छाया होत्या, शरीर ख्रिस्ताचे आहे (२:१६-१७). तारखांच्या हिशोबाबद्दल सांगायचे तर, अंतिम दिवशी कर्णा वाजेल असे शास्त्र म्हणते (१ थेस्स. ४:१६), पण तो दिवस कोणालाही ठाऊक नाही असेही प्रभूच म्हणतो (मत्तय २४:३६). वसंतातले सण पूर्ण झाले आणि शरदातले उरले, ही मांडणी ऐकायला नेटकी वाटते. परंतु प्रायश्चित्ताचा दिवस क्रूसावर पूर्ण झाला असे इब्रीकरांस पत्र सांगते, आणि मंडपांच्या सणातले पाणी व प्रकाश प्रभूने मंदिरातच स्वतःकडे घेतले. तेव्हा ती मांडणी शास्त्रालाच मानवत नाही.

दुसऱ्या टोकालाही जायला नको. ३८६ साली अंत्युखियात काही ख्रिस्ती लोक याच सणांना सभास्थानात जाऊ लागले, तेव्हा संत योहान ख्रिसोस्तोम यांनी यहुद्यांविरुद्ध अतिशय कठोर प्रवचने केली. आपल्या कळपाची त्यांची काळजी आम्हाला समजते, ती भाषा मात्र नाही. पुढच्या शतकांत तिचा फार वाईट वापर झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी यहुदी लोकांवरील सर्व द्वेष व छळ यांचा निषेध केला. संत पोप जॉन पॉल दुसरे १३ एप्रिल १९८६ रोजी रोमच्या सभास्थानात गेले आणि यहुद्यांना त्यांनी आपले थोरले भाऊ मानले. थोरल्या भावाचा सण त्याच्या घरी. आपण त्याची नक्कल करू नये आणि हेटाळणीही करू नये.

मंडपांचे सात दिवस झाल्यावर लेवीय ग्रंथ आणखी एक आठवा दिवस सांगतो (२३:३६). रब्बी म्हणतात, मेजवानी संपली, पाहुणे निघाले आणि राजा मुलांना म्हणाला, अजून एक दिवस राहा. ख्रिस्तसभेच्या प्राचीन गुरूंनी रविवारला आठवा दिवस म्हटले, आणि म्हणूनच रोममधील लॅटरनसारखी जुनी बाप्तिस्मागृहे अष्टकोनी आहेत. याच दिवसापासून यहुदी लोक पावसासाठी प्रार्थना सुरू करतात. मांडवात असताना पाऊस आला तर सणाचा विरस होतो, म्हणून तोवर थांबतात. २०२३ साली ७ ऑक्टोबरला, त्याच आठव्या दिवशी, इस्राएलवर हमासचा हल्ला झाला. त्यानंतर गाझात जे घडले त्यात दोन्हीकडची किती निष्पाप माणसे व मुले गेली ते आपण जाणतो. पवित्र भूमीच्या शांतीसाठी रोजच्या रोझरीत एक दशक वाहावे, ही विनंती.

या महिन्यात वाडीवाडीतील प्रार्थनासभांत लेवीय १६, नहेम्या ८ आणि योहान ७ हे तीन अध्याय याच क्रमाने वाचावेत. चारही शनिवारी आम्ही संध्याकाळच्या मिस्सापूर्वी नेहमीपेक्षा एक तास आधी कन्फेशनसाठी बसू. ज्यांना आधी एखाद्या घरी जाऊन यायचे आहे त्यांनी सोबतीसाठी कधीही बोलवावे.